भाजीच्या साली, देठ आणि पाला: इंदूरच्या शेजाऱ्यांनी मला वारंवार विचारलेले प्रश्न

राजेंद्रनगरात आमच्या गच्चीवर खताची तीन पिंपं आहेत. हळदीकुंकवाला आलेल्या बायका ती बघायला वर चढतात, आणि खाली उतरेपर्यंत साधारण तेच ते प्रश्न विचारतात. सगळ्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून ही लिहून ठेवली आहेत.

आपलं इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं येतं, त्याचा मला अभिमान आहे. पण कचऱ्याची गाडी रोज दारात येते म्हणून आपला हात जरा सैल सुटला आहे, हेही मला मनापासून वाटतं. फ्लॉवरचा पाला, कोथिंबिरीचे देठ, दोडक्याच्या शिरा विळीवरून थेट ओल्या कचऱ्याच्या डब्यात जातात. यातलं जे खाण्याजोगं आहे ते आधी ताटात जावं, उरलेलं कुंडीत, आणि त्यानंतरही उरलं तर गाडीत. खालची सगळी उत्तरं याच क्रमाच्या आग्रहातून आली आहेत.

भाजीच्या कचऱ्यात असतं तरी काय?

मुख्यतः पाणी. एकदा मे महिन्यात मी एक किलो साली आणि देठ मोजून घेतले आणि जुन्या साडीवर गच्चीत पसरले. चौथ्या दिवशी ते कुरकुरीत झाले, तेव्हा पुन्हा तोलले. जेमतेम ११० ग्रॅम भरले. म्हणजे गाडीत आपण रोज टाकतो त्यातलं जवळपास नव्वद टक्के पाणीच असतं.

जे उरतं त्यात चोथा, थोडी साखर आणि पिष्ट, थोडी प्रथिनं, आणि पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोहासारखी खनिजं असतात. पाणी आणि साखर एकत्र असल्यामुळेच हा कचरा इतक्या लवकर आंबतो आणि घाण वास मारतो. खत करताना जी काळजी घ्यावी लागते, ती सगळी या पाण्यामुळे.

सगळं सत्त्व सालीतच असतं, हे खरं का?

नाही. हे वाक्य फार पसरलं आहे, पण सरसकट खरं नाही. बटाट्याचंच घ्या. सालीत चोथा भरपूर असतो, पण क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम यांचा मोठा वाटा आतल्या गरातच असतो, कारण गरच किती तरी जास्त असतो. बटाटा सोलून खाल्ला तर काही बिघडत नाही. सालीसकट खाल्ला तर चोथा जास्त मिळतो, एवढंच.

पाल्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे खरंच मोठा फरक पडतो. १०० ग्रॅम बीटच्या कंदात कॅल्शियम साधारण १६ मिलिग्रॅम असतं आणि त्याच बीटच्या पाल्यात ११७ मिलिग्रॅमच्या आसपास. लोहही पाल्यात कंदाच्या तिप्पट. आणि आपण काय करतो? ठेल्यावरच भाजीवाल्याला सांगतो, "भैया, पत्ते तोड़ दो." पैसे कंदाचे देतो आणि त्याहून सकस गोष्ट रस्त्यावर टाकून येतो. मला याचं दर वेळी वाईट वाटतं.

मग नेमकं काय टाकणं बंद करायचं?

पाल्यापासून सुरुवात करा. मुळ्याचा पाला बारीक चिरून, डाळीचं पीठ पेरून केलेली भाजी आपल्या आज्या करतच होत्या. फ्लॉवरचा कोवळा पाला आणि नवलकोलाची पानं तशीच करता येतात, किंवा थालीपिठाच्या भाजणीत मळता येतात. फ्लॉवरचा जाड दांडा वरून सोलला की आतला गाभा कोवळा निघतो. त्याचे तुकडे सांबारात किंवा लोणच्यात घाला. कोथिंबिरीच्या देठांत पानांइतकाच वास असतो, ते वाटणात जायला हवेत.

दोडक्याच्या शिरांची चटणी माहीत नाही असं मराठी घर विरळा, पण हल्ली ती करणारी घरं कमी झाली आहेत. शिरा किसणीच्या धारेने काढून घ्या, चमचाभर तेलात मंद आचेवर परता. आधी त्या मऊ पडतात, ओलसर वास येतो. घाई न करता आणखी आठ-दहा मिनिटं हलवत राहिलं की रंग गडद होतो आणि उलथन्याला खुळखुळ आवाज लागतो. त्या वेळी तीळ, सुकं खोबरं, लसूण, लाल मिरची घाला. गॅस बंद करून मीठ, आणि हाताने चुरून टाका. आवाज येण्याआधी उतरवली तर चटणी वातड होते. दुधीच्या आणि गिलक्यांच्या सालींचीही अशीच करतात. (इकडे घोसाळ्यांना आपणही गिलकीच म्हणू लागलो आहोत.)

कलिंगडाचा पांढरा भाग हा उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा कचरा. वरची हिरवी कातडी काढून टाकली की आतला पांढरा गर दुधीसारखा शिजतो. त्याची भाजी होते, किसून थालीपीठही होतं.

मटाराची टरफलं खरंच खाता येतात?

येतात, पण वेळ हवा. टरफलाच्या आतला पातळ, चिवट पापुद्रा ओढून काढावा लागतो, तो शिजत नाही. कोवळ्या शेंगांचंच करा. थंडीत दहा किलो मटार सोलून डीप फ्रीजरमध्ये ठेवणाऱ्या घरांत ही सगळी टरफलं खाऊन संपणार नाहीत. ती खतासाठी उत्तम.

लाल भोपळ्याच्या बियांचं एवढं कौतुक का?

कारण त्याच बिया सोलून, पाकिटात भरून दुकानात महाग विकल्या जातात. सोललेल्या १०० ग्रॅम बियांत साधारण ३० ग्रॅम प्रथिनं असतात, मॅग्नेशियम ५५० मिलिग्रॅमच्या वर आणि जस्तही चांगलं. घरी मूठभरच निघतात हे खरं. धुऊन दोन दिवस उन्हात वाळवा, कढईत भाजा, नखाने सोलत खा. मुलं अभ्यास करताना बसून खातात.

पाल्यावर औषध मारलेलं असतं ना? मग तो खायचा कसा?

हा सगळ्यात रास्त प्रश्न आहे. वरून फवारलेलं औषध बहुतेक सालीवर आणि बाहेरच्या पानांवर असतं, म्हणून फ्लॉवर-कोबीची सगळ्यात बाहेरची जून पानं मी खात नाही. आतली पानं सुटी करून वाहत्या नळाखाली चोळून धुते, मग मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून पुन्हा धुते. याने वरचं बरंच निघतं. झाडाने मुळांतून आत शोषलेलं औषध मात्र कशानेच धुतलं जात नाही, हे खरं आहे आणि तसंच सांगायला हवं.

दुसरी काळजी पाण्याची. शहराच्या नाल्याच्या पाण्यावर पिकलेल्या पालेभाजीत शिसं आणि कॅडमियम यांसारखे जड धातू साठू शकतात, आणि पानांत ते जास्त साठतात. भाजी कुठून आली हे भाजीवाल्याला विचारायला लाजू नका. आपला नेहमीचा माणूस असेल तर तो खरं सांगतो.

कोणती साल किंवा पाला अजिबात खाऊ नये?

हिरवट पडलेल्या बटाट्याची साल आणि बटाट्याचे कोंब. त्यात सोलानिन नावाचं विष असतं, ते शिजवूनही जात नाही. कडू लागणारा दुधी तर सालीसकट, गरासकट, सगळा टाका. त्यातल्या कुकुरबिटासिनमुळे उलट्या, जुलाब, पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि माणसं दगावलीही आहेत. दुधी चिरताना आधी एक छोटा तुकडा जिभेला लावून बघायची सवय ठेवा, आणि कच्च्या दुधीचा रस चव न बघता कधीही पिऊ नका.

गराडू या कंदाची साल हाताला खाजते, ती पोटात घालायचा प्रश्नच नाही. टोमॅटोचा, वांग्याचा पाला खायचा नाही. बुरशी धरलेलं काहीही "तेवढं कापून" वापरू नका.

मुतखडा झालेल्यांनी बीटचा पाला आणि पालक बेताने खावा, कारण त्यात ऑक्झलेट जास्त असतं. उकडून पाणी फेकलं तर ते बरंच कमी होतं. रक्त पातळ होण्याचं वॉरफरिन घेणाऱ्यांनी बीटच्या पाल्यासारखा के जीवनसत्त्वाने भरलेला पाला अचानक वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

गायीला घातलं तर पुण्यही लागतं आणि कचराही संपतो ना?

ताज्या, धुतलेल्या साली, शेंगांची टरफलं, मक्याची हिरवी पानं गायीला चालतात. पण पिशवीची गाठ मारून ठेवू नका. गाय पिशवीसकट गिळते आणि प्लास्टिक तिच्या पोटात साठत जातं. एकाच वेळी ढीगभर कोबी-फ्लॉवर घातला तर पोट फुगतं. शिळ्या पोळ्या आणि भाताचा ढीग तर त्याहून वाईट, त्याने पोटात आम्ल वाढून गाय आजारी पडते. सडलेलं, बुरशीचं काहीच नको. गोशाळेत नेणार असाल तर आधी तिथल्या माणसाला विचारा, त्या दिवशी किती आणि काय हवं आहे ते.

खताची "इंदूर पद्धत" म्हणतात ती आपल्याच इंदूरची?

हो, आपल्याच! आणि ही गोष्ट इथल्या शाळांत शिकवायला हवी असं मला फार वाटतं. १९२४ मध्ये ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू केली. पुढे त्याच आवारात कृषी महाविद्यालय झालं. १९३१ पर्यंत हॉवर्ड इथे होते. शेतातला काडीकचरा, कपाशीच्या काड्या, पाला, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि लाकडाची राख यांचे थर देऊन त्यांनी खताची पद्धत बसवली. चिनी शेतकरी शतकानुशतकं असं खत करत होते, त्याचा आधार त्यांनी मोकळेपणाने मान्य केला.

१९३१ साली या कामावरचं पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं. त्यावर दोन नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. हे वाड संस्थेत रसायनाचं काम बघत. जगभर सेंद्रिय शेतीची माणसं "इंदूर प्रोसेस" म्हणतात, हॉवर्डचं नाव घेतात, आणि आपल्या वाडांचं नाव इंदुरातही फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून मी ते प्रत्येकाला सांगते.

त्यांचे खड्डे मोठे असत, साधारण ३० फूट लांब, १४ फूट रुंद, दोन फूट खोल. ढीग तीनदा उलटायचा, आणि तीन महिन्यांत खत तयार. आपल्याला एवढं मोठं करायचं नाही, पण तत्त्व तेच: ओलं आणि कोरडं थरांत, मध्ये हवा, वेळोवेळी उलटणं.

घरी खत करायला नेमकं काय लागतं?

एक भोकं पाडलेलं पिंप किंवा मोठा माठ, आणि पोतंभर वाळका पाला. हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. खत करणाऱ्या जिवाणूंना एक भाग नत्रामागे साधारण २५ ते ३० भाग कार्बन हवा असतो. भाजीच्या कचऱ्यात हे प्रमाण बहुतेक वेळा वीसच्या खालीच असतं, आणि वाळक्या पानांत ४० ते ८०. म्हणून दोन्ही मिसळायचे. मोजत बसायची गरज नाही: एक तसराळं भाजीचा कचरा, त्यावर दोन तसराळी वाळका पाला.

मार्च-एप्रिलमध्ये पिंपळ आणि कडुनिंबाची पानं गळतात तेव्हा कॉलनीत झाडून ढीग लावतात आणि कोणी तरी काडी लावतं. त्या वेळी झाडूवाल्या काकांना सांगून चार-पाच पोती भरून ठेवा, वर्षाची सोय होते.

तळाशी काड्या, मग पाला, मग चिरलेला कचरा, त्यावर मूठभर जुनं खत किंवा वाटीभर आंबट ताक, पुन्हा पाला. ओलावा असा हवा की मूठ दाबली तर हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये. आठवड्यातून एकदा खालवर करा. डिसेंबरात सकाळी मी झाकण उघडते तेव्हा वाफेने चष्मा धुरकट होतो. आत ५५ अंशांच्या वर उष्णता गेली आणि काही दिवस टिकली की रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. छोट्या पिंपात दर वेळी एवढं तापत नाही, तरी खत होतंच, फक्त उशीर लागतो. दोन-अडीच महिन्यांत पिंप चतुर्थांशावर येतं आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास सुटतो.

भुट्ट्याची कणसं तुकडे करून टाका, ती सगळ्यात शेवटी कुजतात. तेलकट उरलेलं, शेव, मांसमच्छी घालू नका.

आमच्या पिंपाला वास येतो आणि अळ्या झाल्या. फेकून द्यायचं का?

माझं पहिलं पिंप मी फेकलं होतं, आणि आजही त्याची हळहळ वाटते. पावसाळ्याचे दिवस होते, नुसत्या साली भरत गेले, पाला घातलाच नाही. तळाशी काळं पाणी साठलं आणि शेजारच्या वहिनींनी दोनदा विचारलं, "काही मेलंय का वर?" तेव्हा मला माहीत नव्हतं की दोन पोती पाला मिसळून ते चार दिवसांत सावरलं असतं. वास म्हणजे हवा कमी, पाणी जास्त. पाला घाला, उलटा, पावसापासून झाका.

चपट्या, तपकिरी, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने संपवतात. कोंबड्या आणि मासळीचं खाद्य म्हणून त्या मुद्दाम वाढवल्या जातात. किळस वाटत असेल तर वर पाल्याचा जाड थर द्या.

गांडुळं आणावीत का?

सावली असेल तर जरूर. पण इंदूरचा मे महिना त्यांना मारतो; ३० अंशांच्या वर ती अस्वस्थ होतात. ओल्या गोणपाटाखाली, जिन्याखाली ठेवा. लिंबाच्या साली, कांदा, मिरची त्यांना आवडत नाही.

केळ्याच्या सालीचं पाणी, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा?

केळ्याच्या सालीत पोटॅशियम खूप असतं, पण नुसती साल भिजत घातलेल्या पाण्यात इतर पोषण फारसं उतरत नाही आणि चिलटं मात्र होतात. साल चिरून पिंपात टाका. अंड्याच्या टरफलात जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेट. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत चुना आधीच पुष्कळ, त्यामुळे इथे त्याचा विशेष उपयोग नाही. चहाचा चोथा साखर जाईपर्यंत धुऊन खतात घाला, त्यात नत्र चांगलं असतं.

या खताची ताकद युरियाएवढी असते का?

नत्राच्या हिशेबात नाही. युरियात ४६ टक्के नत्र, घरच्या खतात दीड टक्क्याच्या आसपास. म्हणजे एक किलो युरियाचं नत्र मिळायला तीस किलो खत लागेल. पण युरिया माती भुसभुशीत करत नाही, पाणी धरून ठेवत नाही. उन्हाळ्यात सुकून भेगा पडणाऱ्या काळ्या मातीला या खताने जो मऊपणा येतो, तो कुंडीत बोट घालून बघा.

बायो एंझाइम करावं का?

म्हणजे गुळाच्या पाण्यात साली आंबवून केलेलं पाणी. संत्र्या-लिंबाच्या सालींचं करा, फरशी पुसायला छान आहे. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. प्लास्टिकच्याच बाटलीत करा आणि पहिला महिना रोज झाकण सैल करा, नाहीतर वायूने बाटली फुटेल. ते सौम्य आम्ल आहे, म्हणून संगमरवरावर नको. त्याने रोग बरे होतात, नदी शुद्ध होते वगैरे जे सांगतात त्यावर विश्वास ठेवू नका.

गाडीत दिलेल्या ओल्या कचऱ्याचं पुढे काय होतं?

देवगुराडियाला १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेल्या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची आहे. त्यातून दिवसाला १७ हजार किलो बायो सीएनजी आणि १०० टन खत निघू शकतं. बंद टाकीत हवेवाचून जगणारे जिवाणू कचरा खाऊन मिथेन करतात, तो शुद्ध करून गाड्यांत भरतात. चोइथराम मंडीतही फळं-भाज्यांच्या कचऱ्यासाठी रोज २० टनांचा वेगळा प्रकल्प उभारला गेला. हे काम मोठं आहे. पण ओल्यात एक डायपर किंवा बॅटरी गेली तर त्या खताची माती होते, म्हणून वेगळं करणं आपल्याच हातात.

मग गॅस होतोच आहे तर आम्ही घरी का खटपट करायची?

कारण ९० टक्के पाणी डिझेल जाळून शहराबाहेर न्यायचं आणि कुंडीसाठी खत परत विकत आणायचं, हे मला पटत नाही. शिवाय बीटचा पाला टाकीत गेला तर त्याचा गॅस होईल, घरातल्या मुलीच्या पोटात गेला तर तिला कॅल्शियम मिळेल.

देशात भाजी नक्की किती वाया जाते?

"चाळीस टक्के सडते" असं सर्रास म्हणतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या लुधियानाच्या संस्थेने २०१५ मध्ये दिलेले आकडे फळं-भाज्यांसाठी पिकापरत्वे ४.५८ ते १५.८८ टक्के होते. ते शेतापासून बाजारापर्यंतचे. घराचा हिशेब वेगळा: संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०२४ मध्ये भारतीय घरांसाठी माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज दिला.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतो, गच्चीही नाही. आम्ही काय करू?

तुमच्यासाठी पहिला टप्पा स्वयंपाकघरातला. येत्या बाजाराला भाजीवाल्याला मुळ्याचा आणि बीटचा पाला तोडू देऊ नका, एवढंच करून बघा. खतासाठी खिडकीत दोन माठ पुरतात: एक भरतो तोवर दुसरा मुरतो. झाकणाऐवजी वर जुनं सुती कापड बांधा म्हणजे चिलटं येत नाहीत. पाला मिळत नसेल तर सुताराकडचा भुसा थोडा थोडा घाला, त्यात कार्बन खूप असल्यामुळे मूठभरही पुष्कळ होतो. रंगवलेल्या किंवा प्लायवूडच्या लाकडाचा भुसा मात्र घेऊ नका.